अंगठा पोचेल एवढा फोन

७ एप्रिल २०२५, सोमवार
माझं नाव रेणुका. डाव्या हातानं लिहीत आहे. एवढंच.

८ एप्रिल
धम्मप्रिया मॅडम नांदेडच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम घेतात. त्या म्हणाल्या, रोज काहीतरी लिहा. मी फक्त अक्षर बघणार, वाचणार नाही. काय लिहू? म्हैस. भाकर. तनुजा. ज्वारी.

११ एप्रिल, शुक्रवार
अंगणवाडीच्या सुपरवायझर उज्वला मॅडम घरी येऊन गेल्या. केळी आणली होती. माझ्या उजव्या बाहीकडं बघायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, म्हणून सारखं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या.
"रेणुकाताई, जुलैपासून सगळं ॲपवर. मुलाचा फोटो काढल्याशिवाय आहाराची नोंद होणार नाही. झेपेल का तुम्हाला?"
बघते म्हटलं.
"नाही झेपलं तर अर्ज द्या. मी मानानं सोडवते तुम्हाला."
चौदा वर्षं सेविका आहे मी. त्यांना चहा विचारायचा राहिला.

१६ एप्रिल, बुधवार
माझा फोन हातात धरून बघितला. सहा वर्षांचा आहे, ताटलीएवढा. एका हातात धरला तर अंगठा अर्ध्यापर्यंतच जातो. पुढं सरकवला की निसटतो. तीनदा पडला. खाली गोधडी होती. जमिनीवर ठेवून बोटानं दाबलं तर जमतं, पण समोर मूल असेल, ते हलत असेल, तर खाली ठेवलेल्या फोननं त्याचा फोटो कसा काढणार?
तसंही ॲप उघडतच नाही. लिहून येतं की नवी आवृत्ती या फोनवर चालणार नाही. काचेवर ओरखडासुद्धा नाही. चार्जिंग टिकतं. तनुजा म्हणाली, "मम्मी, बाहेरून चांगला हाय गं. आतून जुना झालाय. कंपनी याला आता अपडेट देत न्हाई." ती यंदा दहावीत जाईल, तिला कळतं हे सगळं.
मी फोन उशीखाली ठेवला.

२२ एप्रिल, मंगळवार
कसं झालं ते एकदा लिहून टाकते. कुणी विचारलं तर वही पुढं करता येईल.
दोन मार्चला सकाळी कडबा तोडायच्या मशीनवर होते. लाईट गेली. मशीनच्या तोंडात ओला कडबा अडकला होता. मशीन गोठ्यात, पण बटण ओसरीच्या भिंतीवर. तिथं जाऊन बटण बंद केलं. म्हणजे केलं असं मला वाटतं. परत गोठ्यात आले, आत हात घालून कडबा ओढत होते. लाईट आली. मशीन सुरू झालं.
आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, केवळाबाई, येईल त्याला सांगतात, "बटन चालूच ऱ्हायलं तिच्याकडून. घाईत होती. कुणाचा दोस न्हाई." दवाखान्यातही तसंच सांगितलं, तसंच लिहून घेतलं गेलं.
मी रोज ते बटण आठवते. खट्ट झालेलंही आठवतं. पण ज्या बोटानं दाबलं ते बोटच आता नाही. विचारायचं कुणाला?
मनगटाच्या वर चार बोटं, तिथून कापलाय. जखम भरली. दुखत नाही. लोक विचारतात दुखतं का, तर नाही दुखत. काहीच होत नाही. वाढलं तर जेवते.

२ मे, शुक्रवार
तनुजाच्या पप्पांनी त्यांचा मोठा फोन तनुजाला देऊन टाकला. (नाव नरसिंग. मी घेत नाही, लिहिलंसुद्धा आज पहिल्यांदाच.) अभ्यासाला लागतो म्हणाले. स्वतःला बटणांचा साधा फोन आणला. जेवतानासुद्धा फोन खाली न ठेवणारा माणूस. मी विचारलं, "कामून दिला?"
"बोलायपुरता हाय हा. बास झालं."
मशीनही विकलं. गोठ्यात फरशीला चार भोकं तेवढी राहिलीत. आता पहाटे उठून कोयत्यानं कडबा तोडतात, एकेक पेंढी. दोन म्हशींचा चारा, तास दीड तास जातो. मी म्हटलं, मशीनचा काय दोष होता, चूक माझी. ते हातातलं तसंच टाकून बाहेर निघून गेले.
माझ्याकडं बघत नाहीत हल्ली. बोलतात ते भिंतीकडं बघून. मला वाईट वाटत नाही. अशा बाईकडं बघावंसं कुणाला वाटेल?

९ मे
आज एक वेगळंच. ह्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सहा फोन केले. वहीत मापं लिहिलेली, उंची, रुंदी, जाडी, मिलिमीटरमध्ये. तनुजाकडून शोधून घेतलेली. प्रत्येक तुकड्यावर चौकोन आखलेले, जसे फोनच्या पडद्यावर असतात.
"धर," म्हणाले. "अंगठा कुठवर जातो दाखीव."
मी धरला. अंगठ्याला हळद लावली होती, कुठवर पोचतो ते पिवळं उमटावं म्हणून. सगळ्यात मोठ्याला अर्ध्यावर थांबला. सगळ्यात छोट्याला चारी कोपरे पिवळे झाले.
"इंच बघायचे नसतेत," म्हणाले. "रुंदी बघायची. एकाहत्तर मिलिमीटरच्या वर गेलं की तुझा अंगठा कमी पडतो."
मग किराणा दुकानातून पुड्या बांधून आणल्या होत्या तुरीच्या डाळीच्या, एकेका फोनच्या वजनाएवढ्या. पुठ्ठ्याला बांधून परत धरायला लावलं. कोणता मनगटाला ओढतो ते विचारलं. सगळं लिहून घेतलं. आठवीनंतर या माणसानं कधी हातात पेन धरलेलं मी बघितलं नव्हतं.
तासभर माझा डावा हात त्यांच्या हातात होता. वर बघितलं नाही.
संध्याकाळी आत्यांनी त्या पुड्या सोडून वरण केलं.

२० मे, मंगळवार
व्यायामाला नांदेडला गेलो. मॅडमनी अक्षर बघितलं, छान म्हणाल्या. मग घरी, उमरीला परत यायच्या गाडीला वेळ होता तर हे मला दुकानं दाखवत फिरले. पाच दुकानं. सगळीकडं एकच. "भाऊ, छोटा आता कुणी घेतच न्हाई, बनवतच न्हाईत. हा घ्या, वहिनींना पिक्चर बघायला चांगला."
हे प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "याला अपडेट किती वर्षं येणार?"
एक दुकानदार हसला. "अपडेट कोण बघतंय मालक? क्यामेरा बघा. दोन वर्षांनी बदलायचाच असतो."
"आमाला बदलायचा न्हाई," हे म्हणाले. आवाज असा चढला की दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "तिनं एकदा शिकायचा. परत परत न्हाई."
गाडीत मला खिडकी दिली. एवढं कशाला फिरायचं, मला कळत नाही. घरी बसवत नसेल त्यांना.

१ जून, रविवार
ह्यांच्या मामेभावानं लातूरचा एक नंबर दिलाय, फोन दुरुस्त करणारा माणूस, आनंदराज. दहा दिवसांपासून हे त्याला रोज फोन करतात. बटणांच्या फोनवरून. तो पण वैतागत नाही म्हणे. बुधवारी जायचं ठरलं. मला आणायला सांगितलंय, हात बघितल्याशिवाय फोन देणार नाही म्हणाला.

४ जून, बुधवार
लातूरला जाऊन आलो. नांदेडहून एसटीनं चार तास, अहमदपूरच्या पुढं जरा डोळा लागला.
आनंदराजचं दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. दुकान कसलं, एक टेबल, एक भिंग, आणि उघडलेले फोन. पन्नाशीचा माणूस. त्यानं पहिल्यांदा माझ्या बाहीकडं बघितलं, सरळ. "कामाचा हात हाच होता का ताई?"
"हाव."
"मग डाव्याला वेळ लागंल. लागू द्या."
एवढं बोलून त्यानं दोन फोन पुढं ठेवले. पहिला अगदी छोटा. हातात धरला आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत आपोआप गेला. फोन निसटला नाही. मी तो दोनदा उचलून ठेवला. ह्यांच्या तोंडावर काहीतरी झालं.
"हाच द्या," म्हणाले.
आनंदराज म्हणाला, "ऐका मालक. हा वापरलेला हाय. तीन वर्षांआधी बाजारात आला. कंपनीनं चार वर्षं सांगितली होती. ती वर्षं मोजत्यात फोन बाजारात आल्यापासून. तुमी घेतल्या दिवसापासून न्हाई. म्हणजे राहिलं एक."
"अन् हा?"
"हा थोडा रुंद. एक मिलिमीटर जास्त. पण सात वर्षं देणार हाय, अन् निघून एकच वर्ष झालंय. सहा राहिली. एकतीस सालापर्यंत तुमचं ॲप याला न्हाई म्हणायचं न्हाई. निदान कंपनीकडून अडायचं न्हाई."
मी दुसरा धरला. वरच्या उजव्या कोपऱ्याला अंगठा पोचत नव्हता. नखभर कमी. आनंदराजनं पडद्याच्या तळाशी बोट खाली ओढून दाखवलं, तसं केलं की सगळं चित्र अर्ध्यावर खाली उतरतं. मग पोचतो.
हे घामाघूम झाले. एकदा हा उचलायचे, एकदा तो. "तिला तरास व्हायला नको," म्हणायचे. "पण वर्षानं परत... आनंदराज भाऊ, तुमीच सांगा."
"मी कशाला सांगू? हात त्यांचा हाय."
मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. मार्चपासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. कोणती साडी, कोणती भाजी, काही नाही. सगळं आणून समोर ठेवतात.
मी म्हटलं, "रुंदवाला."
"अंगठा पोचत न्हाई गं," हे म्हणाले.
"नखभरच. सवय होईल. सारखं नवं नवं शिकायला नको मला."
फोन महाग होता. मशीनचे आले होते त्यातून दिले. मी विचारलं नाही, त्यांनीच एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत.

१५ जून, रविवार
हे पान मॅडमना दाखवणार नाही.
दुपारी ओसरीवर बसून हे मला फोन शिकवत होते. चित्र खाली ओढायचं कसं, अक्षर मोठं करायचं कसं, मूल हललं तर परत फोटो कसा काढायचा. समजावून सांगतात चांगलं. मी अंगणवाडीतल्या चार मुलांची नोंद खोटी खोटी करून बघितली. चुकले नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "सोयाबीन निघालं की तुमीबी एक घ्या असाच. किती दिवस ते डबडं वापरणार?"
"मला नको."
"कामून?"
भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाले, "बटन बंद होतं."
मला वाटलं फोनचं म्हणताहेत. मी फोन उलटा करून कडेचं बटण बघितलं.
"भिंतीवरचं," म्हणाले. "तू बंद केलं होतंस. लाईट आली. म्हशी वरडून राहिल्या होत्या. म्या इथं वसरीवर आलो अन् दाबलं. तू आत हायस का बघितलं न्हाई. हाक बी मारली न्हाई."
"का नाही मारली?"
"फोनात बघत होतो."
"कुणाचा आला होता?"
"कुणाचा न्हाई. व्हिडिओ बघत होतो."
"कशाचा?"
"आठवत न्हाई," म्हणाले. "लई आठवून बघितलं रेणुका. कशाचा होता तेच आठवत न्हाई."
आत आत्या गहू पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. म्हणजे त्यांना माहीत होतं.

१६ जून
बटण मी बंद केलं होतं.

१९ जून, गुरुवार
दोन दिवस झाले बिलोलीला येऊन, माहेरी. कुणाला काही सांगितलं नाही. आईला वाटतंय आरामाला आले.
रोज दुपारी बारा वाजता फोन वाजतो. "तनुजाचे पप्पा" असं नाव येतं. मी फोन हातात धरून बघत बसते. सात-आठ वेळा वाजतो, बंद होतो. दुसऱ्यांदा करत नाहीत. उद्या परत बारा वाजता.
राग यायला पाहिजे असं वाटतं. मी वाट बघतेय. येत नाही.
धम्मप्रिया मॅडमचा पण फोन आला. तो उचलला. लिहिता का म्हणाल्या. हो म्हटलं.

२६ जून, गुरुवार
आई सकाळी वेणी घालत होती. बोलत बोलत म्हणाली, "जावई देवमाणूस हाय बघ. दुसरा असता तर लेकीला माहेरी आणून टाकलं असतं. चूक तुझी, तरी किती करून राहिला. एवढा भारी फोन घेतला."
मी उठले. वेणी अर्धी तिच्या हातात राहिली. मी ओरडले. काय ओरडले ते मला नीट माहीत नाही, भावजय स्वयंपाकघरातून पळत आली. चूक माझी नव्हती, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते बहुतेक. पाण्याचा तांब्या लाथेनं उडवला. शेजारच्या नागम्मा कट्ट्यावर येऊन उभ्या राहिल्या.
मग आईला सगळं सांगितलं. माझी आई, उमाबाई, म्हणजे गल्लीतली सगळ्यात बोलकी बाई. तिनं फक्त उरलेली वेणी घातली, घट्ट.
अक्षर बघा कसं आलंय.

२९ जून, रविवार
घरी आले. परवा अंगणवाडीत नवं ॲप सुरू. नोकरी सोडायची नाही.
उंबऱ्याच्या आत जायच्या आधीच ह्यांना म्हटलं, "तनुजाला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगणार. आत्यांनी पण नाही."
"काय सांगू?"
"मला सांगितलं तेच."
माझी पिशवी घ्यायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. मी पिशवी घेऊन आत गेले.

३० जून, सोमवार
सांगितलं. ह्यांनी काल रात्री, जेवण वाढल्यावर, आत्यांसमोर. ताटाकडं बघून नाही, तनुजाकडं बघून सांगितलं. आत्या मध्ये बोलायला लागल्या, "आरं पोरीला कशाला..." तर म्हणाले, "आई, तू गप बस."
तनुजानं मला विचारलं, "मम्मी, तू बटन बंद केलं होतंस?"
"हाव. केलं होतं."
"मग तू सगळ्यांला सॉरी सॉरी का म्हणत होतीस गं?"
ती ताटावरून उठली. रात्री माझ्याजवळ झोपली. हे गोठ्यात झोपले. मी बोलावलं नाही. जेवण झाकून ठेवलं होतं, ते सकाळी तसंच होतं. उद्याचं माहीत नाही. सोडून जाईन असं वाटत नाही, माफ केलंय असंही वाटत नाही. वाढते, बोलत नाही.

१ जुलै, मंगळवार
अंगणवाडीत गेले. चार महिन्यांनी. मदतनीस पारूबाईनं झाडून, खिचडी चढवून ठेवली होती. उज्वला मॅडम कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या, बघायला.
एकोणीस मुलं झाली बिनचूक. फोन डाव्या हातात, अंगठ्यानं चित्र खाली ओढायचं, फोटो, नाव, नोंद. वेळ लागतो, पण होतं. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं.
विसावी महामाया. बौद्धवाड्यातली, चार वर्षांची, नवीन आलेली. फोन समोर धरला की तोंड फिरवायची. पारूबाई म्हणाली, धरू का तिला? मी नको म्हटलं. खाली बसले तिच्यासमोर.
ती माझ्या बाहीकडं बघत होती. "बाई, तुजा हात कुटं गेला?"
"मशीनमध्ये गेला."
ती जवळ आली. बाहीचं टोक उचलून आत बघितलं. मग तिथं, जिथून कापलाय, तिथं बोट टेकवलं, एकच.
"दुकला का गं?"
मार्चपासून सगळ्यांनी विचारलं, दुखतं का. तेव्हा दुखला का, हे कुणी विचारलं नाही. दवाखान्यात नाही, घरात नाही. मी स्वतःला पण नाही.
"हाव," मी म्हटलं. "लई दुखला."
डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना. फोन मांडीवर ठेवून पुसावं लागलं, एकच हात. पारूबाई खिचडी ढवळायची थांबली. उज्वला मॅडम उठून उभ्या राहिल्या. महामाया तिथंच उभी होती, माझ्याकडं बघत, अजिबात न हलता. मी फोन उचलला आणि तिचा फोटो काढला.